सक्तीची विश्रांती

बारामतीत पाणी शंभर अंशांना उकळत नाही. उष्णतामापीतला पारा अठ्ठ्याण्णवच्या रेघेवर जरासा चढतो आणि तिथंच थांबतो. मग खाली गॅस कितीही मोठा करा, पातेलं खदखदतं, वाफ खिडकीच्या काचेवर जमते, पण पारा जागचा हलत नाही. पुस्तकात शंभर लिहिलेलं असतं ते समुद्रकाठच्या लोकांसाठी. मनिषा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, आणि हे तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात, चहाच्या आधणात उष्णतामापी बुडवून पाहिलेलं होतं. नवरा नागेश त्या वेळी दारात उभा राहून म्हणाला होता, "चहा पिता येईल ना नंतर?"

लेहला पाणी अठ्ठ्याऐंशीच्या आसपास उकळतं. हे तिला गणितानं माहीत होतं, डोळ्यांनी नाही. पण लेहला जायचं ठरलं ते पाण्यामुळे नव्हे. एका मासिकात त्या गावावर लेख आला होता: साडेअकरा हजार फुटांवरचं जुनं राजधानीचं शहर, टेकडीवर राजांचा नऊ मजली वाडा, खाली बाजार. त्या लेखाच्या शेवटी चौकटीत एक सूचना होती. विमानानं येणाऱ्यांनी पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी. जिने चढू नयेत, जड वस्तू उचलू नयेत, फार बोलू नये.

मनिषानं ती चौकट पुन्हा पुन्हा वाचली. आडवं पडणं हा जिथं आळस नसून नियम आहे, असं एक गाव ह्या देशात होतं, आणि तिथं विमान जात होतं.

आता ज्यांना वाटतं की मास्तरांना उन्हाळ्याची सुट्टी असते, त्यांनी एखाद्या मास्तरणीच्या घरी मे महिन्यात येऊन पाहावं. बारावीचे पेपर तपासून झाले की सासरी अंथुर्ण्याला कुरडयांचा चीक तिची वाट पाहत असतो. चीक संपला की लग्नं. लग्नं संपली की पावसाआधीची घराची झाडलोट, आणि तेवढ्यात कॉलेज सुरू. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि ताप नसताना दिवसा आडवी पडल्याचं मनिषाला एकदाही आठवत नव्हतं. ताप असतानाचंही थोडंच.

तेव्हा बेत साधा होता. दौंडहून रेल्वेनं दिल्ली, दिल्लीहून विमान. दोन दिवस पडून राहायचं. तिसऱ्या दिवशी हळूहळू चालत राजवाडा बघायचा आणि परत यायचं. मुलगी छकुली सुट्टीत आजीकडे अंथुर्ण्यालाच असे. तिला आईची आठवण विहिरीवर पोहायला कुणी सोडलं नाही की यायची.

आणि खरं सांगायचं तर मनिषाला एकटीला जायचं होतं. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती. पुण्यातल्या विमानतिकिटांच्या कचेरीत माणसानं विचारलं, "किती?" तेव्हा 'एक' हा शब्द तिच्या जिभेपर्यंत आला, आणि त्याच्या मागोमाग सासू, चुलत सासू, शेजारीण, प्राचार्य असे सगळे 'एकटीच का?' विचारत रांगेनं आले. तिनं सांगितलं, "दोन." घरी येईपर्यंत तिला स्वतःचा इतका राग आला होता, की त्या संध्याकाळी कढईची काजळी बुडापासून निघाली. तिचा राग आवाजात कधीच उतरत नसे, भांड्यांत उतरे. म्हणून सगळी भावकी तिला शांत स्वभावाची म्हणायची, आणि भांडी लख्ख असतात असंही म्हणायची.

नागेश पाटबंधारे खात्यात होता. माणूस चांगला. त्याला सगळेच चांगला म्हणत, कारण त्यानं आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. एका मनिषाला सोडून. पण ह्या वेळी तो तिलाही हो म्हणाला, आणि तिला वाटलं, जमलं.

गाडी पहिल्यांदा अडली ती कॉलेजच्या कचेरीत. सुट्टीतसुद्धा गाव सोडायचं तर 'मुख्यालय सोडण्याची परवानगी' लागते. सरकारनं बहुधा असं गृहीत धरलेलं असावं, की मे महिन्यात एखाद्या दुपारी देशाला अचानक भौतिकशास्त्राची गरज पडेल. तिनं अर्ज कारकुनांपुढे ठेवला. त्यांना सगळे झुंबरभाऊसाहेब म्हणत.

"कारण काय लिवलंय हे?" त्यांनी चष्मा वर केला. "विश्रांती?"

"हो."

"मॅडम, विश्रांती बसत न्हाय कारणात."

"का?"

"सुट्टी विश्रांतीसाठीच दिलेली हाय ना? मग ती घरी घ्यायची. त्याला काश्मिरात कशाला जायाचं? सायबांनी विचारलं तर मी काय सांगू, मॅडम झोपायला गेल्यात?"

"मग काय बसतं?"

त्यांनी बोटं मोडली. "आजारपण बसतं, पण दाखला लागंल. लग्नकार्य बसतं, पण तिकडं तुमचं कोन हाय? मयत लगीच बसतं. पण मग मयत कोन, ते लिवावं लागंल." त्यांनी सहानुभूतीनं तिच्याकडे पाहिलं. "देवदर्शन लिवा. देवदर्शनाला कुनी काय विचारत न्हाय."

ग्रहणात खाल्लं तर काही होत नाही, हे दाखवायला जिनं वर्गात मुलांबरोबर शेंगा खाल्ल्या होत्या, त्या मनिषानं पेन उचललं. तिथं मठ आहेत, मठांत मूर्ती आहेत, तेव्हा हे अगदीच खोटं नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं लिहिलं: देवदर्शन.

"कुठला देव?"

"तिथला," मनिषा म्हणाली.

झुंबरभाऊसाहेबांनी नीट अक्षरात पुढे भर घातली: 'तेथील देवाचे'. मग अर्ज उलटसुलट करून म्हणाले, "राज्याभाईर हाय, आनि बाई मानूस. मालकांचं संमतिपत्र लावा मागं."

"मालक माझ्याबरोबरच येतायत."

"मंग तर त्यांची संमती असनारच की. तीच कागदावर द्यायची."

ह्यावर उत्तर होतं. मनिषाकडे ते नेहमीच असे, पण तिच्या मनात ते पूर्ण वाक्याच्या रूपात तयार होईपर्यंत समोरचा माणूस जेवायला गेलेला असे. तिनं संमतिपत्र आणायचं कबूल केलं. नागेशनं ते आनंदानं, आपल्या कचेरीच्या कागदावर, चार सहकाऱ्यांच्या देखत लिहून दिलं. त्यामुळे दुपारी परवानगी मिळाली, आणि संध्याकाळपर्यंत कॉलेज, पाटबंधारे आणि जळोचीच्या रस्त्यावरची त्यांची अख्खी कॉलनी ह्यांना कळलं, की मनिषाबाई विमानानं देवाला चालल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गोजरबाई नारळ घेऊन आल्या.

"आमच्या धाकट्याचं इंजिनेरिंगचं हाय ह्या साली. तितल्या देवाला येवढा फोड."

"काकू, कुठला देव ते मलाच माहीत नाही."

"कुठला का असंना. उंचावरचा देव लवकर ऐकतो. गर्दी नसती."

"आम्ही पहिले दोन दिवस पडूनच राहणार आहोत."

"म्हंजी उपास?"

"नाही. तिथं हवा विरळ असते. शरीराला सवय होईपर्यंत पडून राहायचं असतं."

गोजरबाई उंबऱ्यावर टेकल्या. बाहेर रस्त्यावरून चाललेल्या दोघी जणीही 'काय झालं?' म्हणून आत आल्या. विरळ हवेवर उपाय सगळ्यांना ठाऊक होता. कांदा खिशात ठेवायचा. ओवा भाजून हुंगायचा. कापराची पुडी गळ्यात. एकीची जाऊ बद्रीनाथला जाऊन आली होती. तिला काही झालं नव्हतं, कारण ती वाटभर बोलत राहिली होती. बोलणं थांबलं की हवा लागते म्हणे. फार बोलू नये, असं चौकटीत छापलेलं होतं, हे मनिषानं सांगून पाहिलं, पण तिचं बोलणं दोन कांद्यांच्या मधे कुठंतरी हरवलं.

"आनि पडून ऱ्हायलाच जायाचं तर येवढ्या लांब कशाला बाई?" गोजरबाई जाता जाता म्हणाल्या. "आमच्या शेळगावला ये की. चिंचंखाली बाज टाकून देते."

मनिषा एकदा शेळगावला गेली होती. चिंच होती, बाजही होती. बाजेवर वाळत घातलेली ज्वारी होती आणि ती पाखडायची होती.

आठवडा संपेपर्यंत ओसरीत नारळांचं पोतं उभं राहिलं. विमानात नारळ नेतात का, हे तिला माहीत नव्हतं. एवढ्या उंचीवर नारळाच्या आतल्या पाण्याचं काय होईल, हे मात्र ती रात्रीचं जेवण वाढताना मनाशी ताडून पाहत होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या हिशेबात कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर करवंटी उडत होती. त्यात एका स्थानिक साप्ताहिकात शुभेच्छांची चौकट छापून आली: 'हवाई मार्गे देवदर्शनास निघाल्याबद्दल सौ. वहिनींचे हार्दिक अभिनंदन.' चौकटीत फोटो होता तो शुभेच्छुकांचा, म्हणजे नागेशचा चुलतभाऊ दादासाहेब ह्याचा. फेटा, मिशा, गॉगल. वहिनींचं नाव छापायचं राहून गेलं होतं.

ते साप्ताहिक अंथुर्ण्यालाही जात असे. दुसऱ्याच दिवशी म्हाळसाबाई यष्टीनं आल्या. मनिषा सासूला आत्या म्हणत असे. आत्यांनी चहा घेतला नाही. पोत्याकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं आत्या?"

"मी कोन ईचारनारी? सगळ्या तालुक्याला ठावं, घरातल्या म्हातारीला पेपरातनं कळलं. पेपर बी मला वाचाया येत न्हाय, छकुलीनं वाचून दावला."

"अहो, आठवडाभरासाठी चाललोय. नुसतं..."

"परक्या देवाला नारळ निघाले पोतंभर. आनि घरचा देव? लग्नातलं जागरण ऱ्हायलंय तुमचं. पंधरा वर्सं खंडोबा वाट बगतोय. त्याला सोडून इमानात बसाल तर त्ये इमान..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. हातानं मात्र वरून खाली एक रेघ ओढली.

जागरण राहिलं होतं ही गोष्ट खरी. त्यांच्यात लग्नानंतर वाघ्या-मुरळी बोलावून खंडोबाचं जागरण घालतात. त्याशिवाय लग्न पुरतं झालं असं धरत नाहीत. ह्यांच्या लग्नाच्या वर्षी दुष्काळ होता, नंतर मनिषाची परीक्षा, नंतर छकुली, नंतर कुणालाच आठवलं नाही. पंधरा वर्षं ज्याची कुणाला घाई नव्हती, ते आता तिच्या गाडीच्या आदल्या रविवारीच झालं पाहिजे, असं निघालं. नागेशनं आईला हो म्हटलं. मनिषाला त्यानं रात्री समजावलं, "रविवारी जागरण, सोमवारी गाडी. उलट तिथं जाऊन झोप चांगली लागेल."

तिनं त्या रात्री पितळी डबे काढले. वर्षानुवर्षं न वापरलेले. घासले.

जागरण म्हटलं की भावकी आली. शुक्रवारी दुपारी अंथुर्ण्याच्या घरापुढे पत्र्याच्या छपरात तयारीची बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बायका चुलीपाशी पुरणाची डाळ निवडत. सासरे आप्पा कोपऱ्यात बाजेवर होते. त्यांची हयात मेंढरांमागं उन्हापावसात गेलेली. त्यांनी लेहबद्दल काहीच विचारलं नव्हतं. "थंडी असंल" एवढं म्हणून स्वतःचं घोंगडं तिच्या पिशवीवर ठेवलं होतं, आणि परत डोळे मिटले होते. गेल्या पंधरा दिवसांत सल्ल्याशिवाय तिच्या हाती पडलेली तेवढी एकच वस्तू.

मग दादासाहेबाची जीप आली. तो एका सोसायटीचा संचालक होता, आणि संचालक झाल्यापासून खासगी बोलणंही उभं राहून करत असे. आल्या आल्या त्यानं मनिषाला पुढे बोलावलं, तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या. तिच्या एका हातात निवडायच्या डाळीचं सूप होतं. नारळ तिला त्या सुपातच ठेवावा लागला.

"मंडळी," दादासाहेब म्हणाला, "आपल्या घरान्यातली बाई पैल्यांदा इमानात बसतीय. ही साधी गोष्ट न्हाय. पर मला येक ईचारायचंय. वहिनी, तुमी दोघंच? भावकीला सोडून?"

"भावजी, ते तसं..."

"देवाचं पुण्य येकट्यानं खायाचं नसतंय. मी बस करतो. जागरण झालं की त्याच बसनं सगळी निगू. समदी मिळून चाळीस हुतील."

"बस जाणार नाही," मनिषा म्हणाली. वाक्य पूर्ण निघालं म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं. "बर्फामुळे वरचा घाट अजून बंद आहे. जूनमध्ये उघडतो."

"मग जूनला जाऊ."

"जूनला कॉलेज सुरू होतं."

"जूनला पेरन्या बी हायेत," सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं.

दादासाहेबानं गॉगल काढला. अडचण आली की तो गॉगल काढत असे. "तारीख बदलत न्हाय, रस्ता उघडत न्हाय. मग जागा बदलायची. मला सांगा वहिनी, त्या लेहाचं येवढं हाय काय? उंच हाय?"

"हो."

"थंड हाय? जुनं, इतिहासातलं हाय?"

"हो, पण..."

"देव हाय?"

तिथं मात्र ती अडकली. अर्जात तिच्या हस्ताक्षरात लिहिलेलं होतं. "आहे," ती म्हणाली.

"म्हंजी महाबळेश्वर!" दादासाहेबानं मांडीवर थाप मारली. "उंच हाय, थंड हाय, खाली प्रतापगड हाय, वर म्हादेव हाय. आनि वाटंत जेजुरी. येका दगडात..." त्याला पुढचं मोजता येईना. "समदं हुतंय."

छपरात आनंद उसळला. गोजरबाई खास बारामतीहून आल्या होत्या. त्यांनी जाहीर केलं, की त्यांचा नारळ महाबळेश्वरला चालेल. छकुलीनं स्ट्रॉबेरीबद्दल विचारलं. आत्यांनी पहिल्यांदाच चहा घेतला. महाबळेश्वर साडेचार हजार फूट, लेह साडेअकरा. ह्या दोन्हींत जो फरक आहे त्यात आणखी एक महाबळेश्वर मावून वर उरतं, हे मनिषाच्या मनात अचूक तयार झालं, पण ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

"स्वैपाकाचं काय?" कुणीतरी काढलं. "चाळीस मान्सं."

"आचारी कशाला?" आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता, कौतुकाचा. "उंचावर डाळ शिजत न्हाय म्हनं. मनिषेला त्यातलं शास्तर ठावं हाय. चुलीपाशी तीच पायजे."

"बरोबर!" दादासाहेब म्हणाला. "शिक्षनाचा असा उपेग व्हावा."

पुन्हा टाळ्या झाल्या. मनिषा नागेशकडे पाहत होती. नागेश सतरंजीच्या कडेचे दोरे उपसत होता.

"तुम्ही काही बोलणार आहात का?" तिनं विचारलं.

"अगं, सगळे एवढं म्हणतायत तर..." तो हसला. चांगल्या माणसाचं हसणं. "तुला ते दोन दिवस आराम हवा होता ना, तो बसमध्ये होईलच की. बसूनच तर जायचंय. लेह काय, पुढच्या वर्षी."

"काडा मग तिकिटं," दादासाहेब म्हणाला. "आमचा डायवर उद्या पुन्याला चाललाय, परत करून येईल. काय रक्कम भेटंल ती बसच्या डिझेलला घालू. वहिनी, पर्समध्येच असतील न्हवं?"

पर्समध्येच होती. तिकिटं काढल्यापासून ती पर्समध्येच होती. स्वयंपाक करताना पर्स फळीवर आणि पेपर तपासताना मांडीवर. मनिषानं सूप खाली ठेवलं. खांद्यावरची शाल काढली, चार घड्या घातल्या आणि नारळावर ठेवली. हात पदराला पुसले. हे सगळं तिनं इतकं सावकाश केलं, की बायकांचं डाळ निवडणं थांबलं.

तिनं दोन्ही तिकिटं काढली, नावं वाचली आणि एक दादासाहेबाच्या हातात दिलं.

"हे ह्यांचं. हे परत करा."

"आनि दुसरं?"

"दुसरं राहू दे."

"ऱ्हाऊ दे म्हंजी?" दादासाहेबानं परत गॉगल काढायला हात नेला, गॉगल आधीच हातात होता. "नागेशराव, वहिनी काय म्हनत्यात?"

नागेशनं मान वर केली. "मनिषा, अगं सगळ्यांसमोर काय हे? घरी बोलू ना."

"घरी बोलले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी. तेव्हा माझं चुकलं."

"आगं पर जागरन?" आत्यांनी कपबशी खाली ठेवली. "जोडीनं बसावं लागतंय."

"रविवारी बसेन, आत्या. पुरणही घालीन. सकाळी गाडीला जाईन."

"कुनासंगं?"

छपरातले सगळे चेहरे तिच्याकडे होते. कोपऱ्यात आप्पांनीसुद्धा डोळे उघडले होते. उत्तर ह्या वेळी तयार होतं. कितीतरी दिवस ते तसंच, पूर्ण वाक्यात, तयार होतं.

"मी एकटी जाणार आहे," मनिषा म्हणाली. "मला पहिल्यापासून एकटीलाच जायचं होतं."